मिरजेपर्यंत

"आता सुटणार बघ तो," हेमा म्हणाली.

"दिसतंय मला."

पांढऱ्या उशीपासून चार पावलं सरकून तो पोरगा उभा होता. अंग चवड्यांवर तोललेलं, हात सैल, नजर चेंडू टाकणाऱ्याच्या टाचेवर. चेंडू टाकणारा गर्रकन वळला आणि त्यानं चेंडू उशीकडेच फेकला. पोरगा पोटावर आडवा होऊन हातानं उशीला चिकटला, उठला, माती झटकली आणि पुन्हा तेवढीच चार पावलं सरकला. पुढच्या वेळी मात्र तो खरंच सुटला आणि धुळीत सूर मारून दुसऱ्या उशीवर पोचला. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो होतो. मागच्या बाईनं बसायची विनंती केली तेव्हा ते आमच्या ध्यानात आलं.

"खांबावर मारल्यागत मारला गं सूर," हेमा बसत म्हणाली.

"खांबाला धरायला तरी येतं. याला पोट सोलून घ्यावं लागतंय."

ही गोष्ट दोन हजार अकराच्या मार्चमधली. मी ॲरिझोनात मुलाकडे तीन महिने राहायला गेले होते आणि तिथून पाऊण तासावर हेमाचं घर होतं. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण कुणी पळत असेल आणि दुसरं कुणी त्याला शिवायला टपलं असेल, तर ते मला झोपेतसुद्धा कळतं. इचलकरंजीच्या आमच्या मंडळात हेमा आणि मी सात वर्षं एकत्र खो-खो खेळलो. ती कप्तान होती. पळती माझी. सात मिनिटांच्या डावात साडेचार-पाच मिनिटं मी कुणाच्या हाती लागत नसे.

हंगाम सुरू व्हायच्या आधीचे हे सामने. हेमानं समजावून सांगितलं की इथं हरण्याजिंकण्याला काही किंमत नाही. नावाजलेले खेळाडू थोडा वेळ हातपाय मोकळे करून घरी जातात, मग पाठीवर नुसता नंबर असलेली पोरं उतरतात, आणि त्यांतलं कोण राहणार, कोण परत जाणार ते ठरतं. मैदानाच्या कडेला गवताचा उतार होता. त्यावर चादर अंथरून आम्ही बसलो होतो. पलीकडे बोडक्या तपकिरी टेकड्या होत्या. हेमानं भडंग आणली होती, आणि तिचा लसणाचा वास येताच दारावरच्या तपासणीवाल्यानं पिशवी न उघडताच आम्हाला आत सोडलं होतं. मी खूश होते. त्या दिवशी दुपारी एक ते दोन मी खूश होते हे मला नक्की आठवतं.

मग तिनं चषकाचा विषय काढला.

"सदाचा फोन आलता मला," ती म्हणाली. "परवा."

सदा माझा धाकटा भाऊ. आमचे आठ यंत्रमाग तोच चालवतो आणि पहाटे मंडळाच्या मुलींना खो-खो शिकवतो. मंडळाला पन्नास वर्षं पुरी होत होती, म्हणून मुलींच्या स्पर्धेला आबांच्या नावानं फिरता चषक द्यायचं त्यानं मनात घेतलं होतं. कै. धोंडिराम म्हेत्रे फिरता चषक. आबा म्हणजे आमचे वडील. मी सदाला पत्रानं कळवलं होतं, असला चषक मांडवात ठेवलास तर मी येऊन माईकवर सांगेन की या माणसानं पोटच्या पोरीला खेळू दिलं नव्हतं. बैठक येत्या रविवारी होती. सदा माझ्या होकारासाठी थांबला होता आणि मी तो देणार नव्हते.

"देऊ दे की गं त्याला," हेमा म्हणाली.

"त्यानं तुला वकील नेमलंय का?"

"वकील कशाला. आबा जाऊन पंधरा वर्षं झाली, शालन."

"ते गेले. मी आहे की अजून."

"म्हणजे तू मरेपर्यंत त्यांचं नाव कुठं लागू द्यायचं नाही?"

"कुठंही लावा. माग बसवलेल्या खोलीला लावा, गल्लीला लावा. मुलींच्या खो-खोला नाही लावायचं. माझ्या मढ्यावर ठेवा म्हणावं तो चषक."

ती मैदानाकडं वळली. मीही सामन्याकडं बघत बसले, पण मजा गेली होती.

सत्याहत्तर साली राज्याच्या संघात माझी निवड झाली. आमच्या मंडळातून मी खेळाडू आणि हेमा राखीव. मी गेले नाही तर ती जाणार, असं ते होतं. राष्ट्रीय स्पर्धा उत्तरेकडं कुठंशी होत्या, त्या गावाचं नाव मी आजही तोंडात घेत नाही. मुलींना परगावी न्यायचं तर आमच्याकडे एक रीत होती. आम्हाला खेळ शिकवणारे पोवार सर कप्तानाला घेऊन प्रत्येकीच्या घरी जायचे, बाहेरच्या सोप्यात बसून चहा घ्यायचे आणि वडिलांची परवानगी मागायचे. जिच्याबद्दल बोलणं चाललंय तिनं त्या वेळी आत राहायचं. बाहेर डोकवायचंही नाही. त्या खेपेला सर तापानं पडले होते, म्हणून आमच्या घरी हेमा एकटी आली. मी मागच्या खोलीत मागांसाठी सुताच्या कांड्या भरत होते. आठ माग चालू असले की आमच्या घरात भिंतीपलीकडचं अक्षर ऐकू येत नसे. त्या खडखडाटामुळे की काय, आमच्यात बोलायची सवयच नव्हती. आई मी सातवीत असताना गेली, आणि तेव्हापासून आबांचं माझ्याशी बोलणं म्हणजे "जेवलीस?" आणि "दार लाव."

संध्याकाळी मैदानावर हेमानं मला बाजूला घेतलं. "आबा नाही म्हणाले," ती म्हणाली. "आणि तू विषय काढू नकोस बघ त्यांच्यापुढं. सर म्हणालेत, पोरीनं उलट विचारलं की माणूस इरेला पेटतो, मग पुढच्या वर्षीही सोडायचा नाही."

मी विषय काढला नाही. हेमा गेली, खेळली, खेळाडूंच्या जागेवर बँकेत लागली, तिथूनच लग्न जमलं आणि अमेरिकेला आली. मी पुन्हा मैदानावर पाय ठेवला नाही. आबांना मी त्या दिवसापासून आबा म्हणून हाक मारली नाही. वर्षभरात गडहिंग्लजचं स्थळ आलं तेव्हा मुलगा न बघताच हो म्हटलं, कारण मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. माहेरी भाऊबीजेपुरती जायची. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी दोन दिवस राहिले, आणि तेही लोक काय म्हणतील म्हणून. एवढ्या सगळ्या वर्षांत मी मनातलं बोलले ते फक्त हेमाशी. दर दिवाळीला तिचं जाडजूड पत्र यायचं आणि माझं जायचं. सासरी मला दुसरं जिवाभावाचं माणूस नव्हतं.

"एक सांगू का," हेमा जरा वेळानं म्हणाली. "तुला वाटतात तसे नव्हते गं आबा."

"तुला काय ठाऊक. चार वेळा चहा प्यायलीस आमच्यात."

"प्यायले म्हणून तर सांगते. तोंडानं बोलायचे नाहीत एवढंच. पण काळजी किती होती. मला म्हणाले, एवढ्या लांबच्या गाडीला पोरींना अशाच सोडता होय, बसवून द्यायला मी येतो मिरजेपर्यंत."

मैदानात कुणीतरी चेंडू उंच मारला. लोक माना वर करून बघत होते. हेमाचा हात भडंगाच्या पिशवीत होता तो तिथंच राहिला.

"कुठल्या गाडीला?" मी विचारलं.

"आं?"

"कुठल्या गाडीला बसवून द्यायला येणार होते?"

"असंच गं. कुठल्यातरी स्पर्धेला निघालो होतो न्हवं आपण."

"आपण सगळ्या स्पर्धांना एसटीनं गेलो, हेमे. सांगली, कराड, फलटण. मिरजेहून रेल्वेची गाडी एकदाच होती, आणि त्या गाडीत मी नव्हते."

तिनं पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "ऊन फार झालंय," ती म्हणाली. "लिंबूसरबत घेऊन येते." आणि उठून गेली.

मी तिला जाऊ दिलं. ती येईपर्यंत मैदानावर काय झालं ते मला सांगता येणार नाही. डोळ्यांपुढं माणसं पळत होती. मी एकच वाक्य उलटसुलट करून बघत होते. ज्या माणसानं नाही म्हटलं तो माणूस मिरजेपर्यंत येतो कशाला म्हणेल? कुठूनही धरलं तरी ते वाक्य एकाच जागी येत होतं. वाटत होतं, तिनं येऊच नये, परस्पर गाडी काढून निघून जावं, म्हणजे मला हे विचारावं लागणार नाही. आणि ती आली नाही तर तिला शोधून काढून झिंज्या धरून ओढीन, असंही वाटत होतं.

ती आली. दोन मोठे कागदी पेले घेऊन माझ्या शेजारी बसली. एक माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही.

"आबा हो म्हणाले होते," मी म्हटलं.

तिनं तो पेला आपल्या बाजूला गवतात टेकवला.

"हेमे, आबा हो म्हणाले होते का?"

"हो."

"लगेच?"

"लगेच. किती दिवस लागतील विचारलं. थंडी असेल का तिकडं, विचारलं. मग ते मिरजेचं म्हणाले."

"आणि तू मला येऊन सांगितलंस नाही म्हणाले."

"तुमच्याकडून परत येताना वाटेत ठरवलं मी. आधी नव्हतं गं मनात. खरंच नव्हतं."

"त्यांना काय सांगितलंस?"

"शालन, असू दे आता."

"त्यांना काय सांगितलंस ते सांग."

ती पेल्यातल्या बर्फाकडे बघत बोलू लागली. "दुसऱ्या दिवशी गेले. सोप्यात नवाकोरा होल्डॉल होता. सकाळीच बाजारातून आणलेला. मी म्हणाले, आबा, वरून निरोप आलाय, शालनचं नाव कमी केलं. तिला लई लागलंय. तिच्यापुढं विषय काढू नका, उगाच रडत बसंल."

तो होल्डॉल मला माहीत होता. माझं अंथरूण त्यातूनच सासरी गेलं. आबा कधी कुठं प्रवासाला जात नसत, मग घरात होल्डॉल आला कुठून, असा प्रश्न मला एवढ्या वर्षांत पडला नव्हता.

"म्हणजे मला सांगितलंस विषय काढू नको, आणि त्यांनाही तेच."

"हो."

"आणि दोघांनीही ऐकलं तुझं."

"तुम्ही बोलतच नव्हता की एकमेकांशी. मला ठाऊक होतं ते."

मला वाटतं, एवढं ती बोलली नसती तर बरं झालं असतं. तिनं फक्त खोटं सांगितलं नव्हतं. आमच्या घरात सात वर्षं येऊन-जाऊन आमची दुखरी जागा तिला कळली होती, आणि तिनं नेमका तिथंच हात घातला होता. मी तिच्या हातातला पेला घेतला आणि गवतावर ओतला. पुढच्या चादरीवरचं कुटुंब जरा सरकून बसलं.

"माझ्या घरात काय होतं गं तेव्हा?" हेमा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचा मला अधिकच संताप आला. "वडील नाहीत, पाठीवर तीन बहिणी. आई लोकांच्यात कांड्या भरत होती. राष्ट्रीय खेळलं की नोकरी, एवढं एकच दार होतं. तुझे आठ माग होते. मला वाटलं, तू काय, पुढच्या वर्षीही जाशील. तुझी पळती तशी होती."

"मागितलं असतंस तर दिली असती मी जागा."

"खरंच दिली असतीस?"

मी विचार केला. "नाही," मी म्हटलं. "नसती दिली. पण तुझ्याशी भांडले असते, आणि ते भांडण तुझं-माझं राहिलं असतं. माझा बाप का त्यात घातलास?"

तिनं मनगटानं डोळे पुसले.

"पत्रात का लिहिलं नाहीस? एवढ्या पत्रात? मी तुला आबांबद्दल काय काय लिहायची. निर्दय माणूस लिहिलंय मी. ते तू वाचायचीस आणि मला उत्तर द्यायचीस की शालन, मन आवर. मन आवर म्हणायचीस तू मला."

"दरवर्षी ठरवायची. यंदा लिहायचंच म्हणून बसायची. मग वाटायचं, तू पुन्हा पत्र लिहायची नाहीस."

"बरोबर वाटायचं."

सामना चालूच होता. चष्म्याची काच पुसावी म्हणून मी चष्मा काढला आणि न पुसताच पुन्हा लावला. मी उठले, चादर ओढली, भडंग गवतावर सांडली. ती गोळा करायला वाकली तेव्हा मी तिला म्हटलं, "राहू दे ते. फोन घे हातात. सदाला लाव."

"आता? तिकडं पहाट असेल."

"साडेपाचला तो मैदानावर असतो. आता तिकडं साडेतीन झालेत. आपण गाडीजवळ थांबू."

आणि आम्ही खरंच थांबलो. सामना संपला, लोक गेले, मैदानाबाहेरच्या त्या अफाट मोकळ्या जागेत गाड्या एकेक करून कमी झाल्या. दोन तास आम्ही तिच्या गाडीच्या दोन बाजूंना उभ्या होतो. ती मध्येच म्हणाली, आत बस, ऊन लागेल. मी बसले नाही. एकदा म्हणाली, पाणी तरी पी. तेही प्यायले नाही. माझ्या मनात आतापर्यंत आबांसाठी वापरलेले सगळे शब्द येत होते, आणि प्रत्येक शब्द तिला चपखल बसत होता.

पाच वाजता तिनं फोन लावला. मी तो दोघींना ऐकू येईल असा करायला सांगितला. पलीकडं शिट्टी वाजली, मुलींचा गलका आला.

"सदा, मी हेमाताई. शालन आहे शेजारी."

"बोला की."

"सदा, चषकाचं..." ती माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली नाही. "सदा, तेव्हा सत्याहत्तर साली आबा नाही म्हणाले नव्हते. मी खोटं सांगितलं होतं शालनला. आणि आबांनाही."

पलीकडे सदानं कुणाला तरी दोन चकरा मारायला पाठवलं. मग म्हणाला, "मला माहीत आहे, हेमाताई."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"ताई, तू शांत हो आधी."

"मी शांत आहे. काय माहीत आहे?"

"चौऱ्याऐंशीला पोवार सर आलते घरी. बोलता बोलता आबांना म्हणाले, धोंडिराम, पोरीला तेव्हा सोडली असतीस तर आज कुठल्या कुठं असती. आबा म्हणाले, सोडली होती की. मग दोघांनी एकमेकांना सगळं विचारलं. मी तिथंच होतो. सर गेल्यावर आबांनी मला शपथ घातली, शालूला सांगायचं नाही म्हणून."

"का?"

"आता काय सांगू तुला."

"जसं म्हणाले तसं सांग. तुझे शब्द घालू नको."

सदा मैदानापासून जरा लांब गेला, मुलींचा गलका कमी झाला. "म्हणाले, तिला सासरी बोलायला कोण नाही. त्या हेमाची पत्रं येतात, त्यावर ती दिवस काढते. बापावर राग धरला तरी बाप कुठं जात नाही. मैत्रीण गेली तर परत मिळायची नाही."

हेमा गाडीला पाठ लावून खाली बसली. मी तिच्याकडं पाहिलंही नाही. मला आबा दिसत होते. चौऱ्याऐंशीनंतर बारा वर्षं ते जगले. बारा भाऊबीजा. प्रत्येक वेळी मी त्यांच्यापुढं न बोलता ताट ठेवलं, आणि ते खाली मान घालून जेवले. मी का बोलत नाही हे त्यांना आता कळलं होतं. मी चूक आहे हेही कळलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांनी गिळलं, आणि ते माझ्यासाठी गिळलं असं त्यांना वाटत राहिलं. मला कुणी विचारलं होतं का, मला मैत्रीण हवी की बाप? ते तिघांनी परस्पर ठरवलं. आधी हेमानं, मग आबांनी, मग या माझ्या भावानं. आणि तिघांनाही वाटत होतं की आपण माझी काळजी घेतोय.

"बाप कुठं जात नाही म्हणे," मी फोनमध्ये म्हटलं. "गेला की."

"ताई."

"तू कशाला शपथ पाळलीस रे? ते गेले तेव्हा सांगायचं. मी मसणवाट्यातसुद्धा रडले नाही, सगळ्या गावानं पाहिलं. तेव्हा तरी सांगायचं."

"आबांची शपथ होती ताई. म्हणून तर आता हेमाताईंना फोन केला. म्हटलं, त्यांच्या तोंडून निघालं तर माझी शपथ मोडत नाही."

मला हसू आलं असतं, इतका संताप नसता तर. शपथ मोडायची नाही, म्हणून बाप गेल्यावरही बहिणीला पंधरा वर्षं अंधारात ठेवायचं. असली माणसं आमच्याकडं चांगली म्हणून ओळखली जातात.

"चषकावर नाव घाल," मी म्हटलं, आणि हेमाचा फोन गाडीच्या टपावर ठेवला.

तिनं मला मुलाच्या घरी सोडलं. पाऊण तासात दोघी एक शब्द बोललो नाही. दारात ती म्हणाली, "पत्र लिहू का?" मी म्हटलं, "नको." तरी तिची तीन पत्रं आली. मी ती फोडली नाहीत, तशीच उलट पाठवली. तेव्हापासून तिच्याशी बोलणं नाही. आबांचा तो अंदाज मात्र खरा निघाला. मैत्रीण परत मिळाली नाही, आणि तिची उणीव मला रोज भासते. म्हणून राग कमी होत नाही, वाढतो.

मिस्टर गेल्यावर मी इचलकरंजीला येऊन राहिले. चषक दरवर्षी मीच देते. आबांच्या फोटोला हार सदा घालतो. मी घालत नाही, आणि का घालत नाही हे मला तो आता विचारत नाही.

मुली परगावी जायच्या असल्या की घरोघरी जायचं काम मी मागून घेतलंय. गेल्या वर्षी राज्याच्या निवडीत आमची एक मुलगी आली, सायली भंडारे. तिच्या घरी गेले. वडील रिक्षा चालवतात. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि नेहमीप्रमाणं मुलीला म्हणाले, "सायले, आत जा. आम्ही बोलतोय."

"ती इथंच बसणार," मी म्हटलं.

"मोठ्यांच्या बोलण्यात तिचं काय काम, मावशी?"

"तिचंच काम आहे. तुम्ही काय सांगणार ते तिला सांगायचं. मी नुसती ऐकायला आलेय."

त्यांनी बराच वेळ पंच्यानं मान पुसली. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "पोरीच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं, मावशी?"

"म्हणून तर तिला बसवलीय."

ते नाही म्हणाले. बारावी आहे, परीक्षा आहे, आठ दिवस जाऊ देणार नाही म्हणाले. सायलीनं दाराजवळची चप्पल उचलून भिंतीवर मारली. मग तिनं तोंड उघडलं. त्यांनीही आवाज चढवला, ती रडली, त्यांना काही काही बोलली, आणि ते तिला "गप बस" म्हणाले तर ती गप्प बसली नाही. शेजारच्या बायका दारात आल्या. तिची आई मला हातानं खुणावत होती, तुम्ही सांगा काहीतरी, थांबवा त्यांना. मी मध्ये पडले नाही. चहा प्यायले आणि दोघांचं बोलून होईपर्यंत तिथंच बसून राहिले.